पवनीच्या पोरांना पोरांपुढे बसू द्या

प्रति,
मा. प्रधान दंडाधिकारी व मा. सदस्य,
बाल न्याय मंडळ, भंडारा.



आपल्यापुढे येणाऱ्या मुलांपैकी जी पहिल्यांदाच आणि किरकोळ गुन्ह्यात सापडली आहेत, त्यांना त्यांच्याच वयाच्या मुलामुलींच्या पंचांपुढे बसवावं, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. सुरुवात पवनी तालुक्यातून व्हावी, आणि त्यातही गोसीखुर्द धरणामुळे उठून नव्या जागी वसलेल्या गावांतून. पत्र खुलं ठेवलं, कारण ते पालकांनी, सरपंचांनी आणि ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांनीही वाचावं असं वाटतं.

इथूनच का, ते आधी सांगते. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. वैनगंगेवर ३३ दरवाजे उभे राहिले, पाणी साचत गेलं आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली गावं टप्प्याटप्प्यानं उठली. मोबदला, प्लॉट, नागरी सुविधा, २०१३ चं जवळपास १२०० कोटींचं विशेष पॅकेज, यावर खूप लिहून झालं आणि लढूनही झालं. मुलांचं काय झालं यावर कुणी फारसं बोललं नाही. जुन्या गावात पोरानं कुणाच्या बोडीतली मासोळी काढली, कुणाच्या वाडीतले आंबे पाडले, तर तक्रार घरी यायची. तक्रार करणारा बापाला नावानं हाक मारणारा असायचा, आजीच्या शब्दाला मान देणारा असायचा. शिव्या व्हायच्या, एखादा रट्टा बसायचा, आणि चार दिवसांनी तेच पोरगं त्याच माणसाच्या बांधीवर रोवणीच्या बायांना पाणी नेऊन द्यायचं. नव्या वसाहतीत शेजारचा प्लॉट दुसऱ्या गावाहून आलेल्याचा असतो. शेती गेली, गोठा गेला, पारावरची बैठक मोडली. आता काही झालं की माणूस घरी येत नाही, गाडीला किक मारून सरळ ठाण्यात जातो. त्याला मी दोष देत नाही. जायला दुसरी जागाच त्याला उरलेली नाही.

ती जागा पुन्हा तयार करता येईल, असं माझं म्हणणं आहे.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एकाचं नाही, पण या भागात शेती करणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचं वाटेल. जून संपत आला आहे, पावसानं दडी मारली आहे, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडायला लागले आहेत. अशात रात्रीतून मोटारीची केबल कुणीतरी कापून नेली. पंधरा-सोळा वर्षांची दोन पोरं. नाल्यात नेऊन केबल जाळली, वरचं प्लास्टिक गेलं, आतलं तांबं भंगारात विकलं. हाती आले हजार-बाराशे. त्यातून मोबाइलचा रिचार्ज मारला, पानठेल्यावरची तंबाखूच्या खर्ऱ्याची उधारी फेडली, उरलेल्या पैशांत पेट्रोल टाकून पवनीला एक चक्कर मारून आले. इकडे शेतकऱ्याला नव्या केबलला त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले, मिस्त्री यायला दोन दिवस गेले आणि तोवर अर्धे पऱ्हे करपले. रोवणी लांबली ती लांबलीच.

गावात अशी पोरं सापडतातच. सापडल्यावर कधी जमाव हात साफ करून घेतो. कधी बाप शेतकऱ्याच्या हातावर पैसे ठेवतो आणि घरी नेऊन पोराला बडवतो. कधी प्रकरण ठाण्यात जातं, डायरीत नोंद होते, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार होतो आणि ते आपल्यापुढे येतं. पवनीहून भंडारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. बापाची रोजी बुडते, माय सोबत येते, आणि पोरगं आपल्यासमोर मान खाली घालून म्हणतं, "चुकलो साहेब, पुन्हा नाही करणार."

हे वाक्य मी शिक्षिका म्हणून आयुष्यभर ऐकलं आहे. ते खोटं असतं असं नाही. पण मोठ्यांनी पुढे काही विचारू नये, म्हणून ते म्हटलेलं असतं. आणि मोठी माणसंही ते ऐकून सुटल्यासारखी होतात. रात्री केबल कापताना भीती वाटली का, ज्याची केबल होती त्याचं शेत माहीत होतं का, पैसे हातात आल्यावर काय वाटलं, हे कुणीच विचारत नाही. शेतकऱ्याला तर कुणी बोलावतच नाही. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर वाढीव दोन महिन्यांत पुरी झाली नाही, तर कार्यवाही संपुष्टात येते, हे आपण जाणताच. मुलाच्या मानेवर टांगती तलवार राहू नये म्हणून केलेली ही तरतूद अगदी योग्य आहे. पण अशा रीतीनं संपलेल्या प्रकरणात मुलगा काही शिकत नाही आणि ज्याचं नुकसान झालं त्याचा राग तसाच धुमसत राहतो. पुढच्या वेळी तो ठाण्यातही जात नाही, काठी घेतो.

आपल्या कायद्यात यावर वाट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानं कलम ३ मध्ये सांगून ठेवलं आहे की, मुलाच्या किंवा समाजाच्या हिताला बाध येत नसेल तर न्यायालयीन कार्यवाहीबाहेरच्या उपायांना चालना द्यावी. कलम १८ खाली आपण मुलाला समज देऊन घरी सोडू शकता, गट समुपदेशनाला आणि तत्सम उपक्रमांना पाठवू शकता, एखाद्या संस्थेच्या, व्यक्तीच्या किंवा आपण ठरवलेल्या गटाच्या देखरेखीखाली समाजसेवा करायला लावू शकता. नव्या न्याय संहितेत तर मोठ्या माणसांनाही, पहिलीच चोरी असेल, माल पाच हजारांच्या आतला असेल आणि तो परत केला असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवाच सांगितली आहे. मी मागते आहे ते या चौकटीत बसतं. नवा कायदा नको, नवं पद नको. मुलांचा एक गट आपल्या अधिकारात, आपल्या देखरेखीखाली उभा करायचा आहे.

असं जगात झालेलं आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ओडेसा शहरात १९८३ मध्ये सुरू झालेलं किशोर न्यायालय पुढे बऱ्याच ठिकाणी नमुना ठरलं. आज तिथे अशी शेकडो केंद्रं आहेत. बहुतेक ठिकाणी मुलगा आधी चूक कबूल करतो. मग त्याच्याच वयाची मुलं त्याला प्रश्न विचारतात, नुकसान झालेल्याचं म्हणणं ऐकतात आणि काय करावं ते ठरवतात: लेखी माफी, भरपाई, काही तास समाजसेवा. आणि अनेक ठिकाणी आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते: या मुलानंही पुढे पंच म्हणून बसायचं. अलास्कात अँकरेज इथे तर न्यायाधीश, वकील, सगळी कामं मुलंच करतात, त्यासाठी अभ्यास करून परीक्षा देतात.

त्याच्याही आधी, १९१२ मध्ये वॉर्सात अनाथ ज्यू मुलांचं घर चालवायला घेणाऱ्या यानुश कोरचाक या डॉक्टरानं मुलांचं न्यायालय भरवलं होतं. न्यायाधीश मुलंच. त्यानं लिहिलेल्या संहितेतली पहिली ९९ कलमं दोषमुक्तीची, सोडून देण्याची, माफीची होती. कडक कलमं त्यानंतर सुरू व्हायची आणि ती क्वचित लागायची. कोरचाक स्वतःही सहा महिन्यांत पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभा राहिला, कारण मोठ्यांनाही मुलांशी अन्यायानं वागता येतं, हे त्याला मान्य होतं. १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत नेताना सुटकेची संधी असूनही त्यानं त्या मुलांची साथ सोडली नाही. मरणाच्या काही दिवस आधी त्यांच्याकडून रवींद्रनाथांचं 'डाकघर' बसवून घेतलं होतं. मुलांच्या न्यायबुद्धीवर एवढा भरवसा ठेवणारा माणूस तो भरवसा कुठवर नेतो, ते यातून दिसतं.

यानं गुन्हे कमी होतात का? २००२ मध्ये अर्बन इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या चार ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अलास्कात किशोर न्यायालयातून गेलेल्यांपैकी सहा महिन्यांत पुन्हा गुन्ह्यात सापडलेली मुलं ६ टक्के होती, नेहमीच्या वाटेनं गेलेल्यांत २३ टक्के. मिसुरीत ९ आणि २८. मेरिलँडमध्ये मात्र उलट दिसलं: ८ आणि ४, फरक लहान पण उलटा. म्हणजे नाव दिलं की काम झालं असं नाही. अलास्कात मुलांच्या हातात खरोखर काम दिलेलं होतं, आणि माझ्या मते फरक तिथे आहे. मोठ्यांनी सगळं ठरवून मुलांना नुसतं खुर्चीवर बसवायचं असेल, तर हा खटाटोप न केलेला बरा.

लोकांच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीनं दोन तरुण जीव घेतले आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. तेव्हापासून मुलांसाठी सौम्य काही सुचवलं की लोक म्हणतात, "झाला आणखी एक निबंध." म्हणून स्पष्ट लिहिते. जिथे जीव गेला, कुणी जबर जखमी झालं, लैंगिक अत्याचार झाला, तिथे या पंचांचा काहीही संबंध असू नये. मुलं पळून गेल्याची, प्रेमातली प्रकरणंही इकडे आणू नयेत. इथे यावीत ती तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, पहिल्यांदा घडलेली: केबल, सायकल, शाळेची तोडफोड, यात्रेतली मारामारी, मोबाइलवरून केलेली बदनामी. पुण्याच्या प्रकरणात लोक चिडले, कारण ज्यांची लेकरं गेली त्यांना कुणी विचारलंच नाही असं सगळ्यांना वाटलं. मी सुचवते त्या बैठकीत नुकसान झालेला माणूस आधी बोलेल.

दुसरी शंका माझी स्वतःची आहे आणि ती जास्त गंभीर आहे. आपल्या समाजाला पंच ही गोष्ट नवी नाही, आणि तिचा जाचही नवा नाही. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकलं म्हणून या राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. गावातली मुलं न्याय करायला बसली आणि सगळी सरपंचाच्या, गुरुजींच्या, सावकाराच्या घरची निघाली, समोरचा मुलगा धिवराचा किंवा झोपडीतला निघाला, तर आपण लहानपणीच जातपंचायत शिकवली असं होईल. त्याशिवाय गावात काही झाकून राहत नाही, आणि कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून मुलगा ज्या गावचा, पंच त्या गावचे नकोत. आसगावकडच्या मुलासाठी अड्याळकडची मुलं बसावीत, अड्याळच्या मुलासाठी पवनीची. निम्म्या मुली. शाळा सोडून गॅरेजवर, वीटभट्टीवर काम करणारी मुलंही त्यात हवीत, कारण समोरच्याच्या दिवसाची घडी त्यांनाच नीट कळते. आणि पंचांसमोर मुलाचं आडनाव नको, फक्त पहिलं नाव.

मुलं मोठ्यांपेक्षा कडक असतात, हे वर्गात मॉनिटर नेमलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. त्यांच्या हाती मोकळा लगाम देऊ नये. काय काय सांगता येईल याची यादी मंडळानं आधीच ठरवावी, तासांची वरची मर्यादा घालावी, आणि पंचांनी फक्त शिफारस करावी. हुकूम आपला. बैठकीला परिवीक्षा अधिकारी मागे बसलेले असावेत, त्यांनी बोलू नये, पण चुकीचं काही घडत असेल तर थांबवावं. मुलाला कबुलीचा अर्थ आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलानं समजावून सांगावा. ज्याला "मी केलंच नाही" म्हणायचं आहे त्याच्यासाठी आपलं मंडळ आहे, हे पंच नाहीत. बैठकीत तो जे बोलेल ते दुसरीकडे त्याच्याविरुद्ध वापरलं जाऊ नये. भंगार घेणाऱ्याचं नाव त्याच्याकडून काढून घेणं हेही पंचांचं काम नाही. मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या मोठ्यांसाठी कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, तो तपास पोलिसांनी करावा.

आणि ज्याला एरवी शिक्षकानं रागावून सोडलं असतं, त्याला केवळ ही सोय झाली म्हणून इथे ओढून आणू नये. अशा कार्यक्रमांची ही जुनी खोड आहे. जाळं टाकलं की बारकी मासोळीही त्यात येते.

आता त्या दोन पोरांकडे येते. रविवारी सकाळी तालुक्याच्या एका शाळेचा वर्ग. बाकं गोलात लावलेली. शेतकरी सांगतो, पऱ्हे कसे करपले, नवे आणायला कुणाच्या दारात जावं लागलं, बायको किती दिवस बोलली नाही. मग नववीतली एखादी मुलगी विचारते, "केबल कापताना मोटार चालू असती तर?" मुलगा म्हणतो, लाईन नव्हती तेव्हा. "कसं कळलं?" त्याला उत्तर देता येत नाही, कारण त्यानं पाहिलंच नव्हतं. दुसरा विचारतो, "दिवसाला खर्ऱ्याच्या किती पुड्या खातोस?" हा प्रश्न मोठ्यांनी विचारला तर मुलगा एक सांगेल. इथे खोटं सांगून चालत नाही, विचारणाऱ्याच्या ओठालाही कधीकाळी चुना लागलेला असू शकतो. अशा प्रश्नांपुढे "चुकलो साहेब" पुरत नाही. तिथे साहेबच नसतो.

मग काय करायला सांगायचं? शेतकऱ्याच्या बांधीवर राबवायचं नाही, ती वेठ होईल आणि कायद्यालाही चालणार नाही. केबलचे पैसे घरच्यांच्या ऐपतीप्रमाणे हप्त्यानं, आपल्या आदेशानं. आणि समाजसेवा म्हणून, मुलगा चौदाच्या वरचा असेल तर, असं काम ज्याची गावाला गरज आहे आणि जे त्याला येतं. ई-पीक पाहणीच्या दिवसांत कितीतरी म्हातारे शेतकरी मोबाइल हातात धरून धुऱ्यावर उभे असतात, फोटो अपलोड होत नाही, नातू नागपूरला. धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी, पेन्शनची केवायसी, तेच हाल. रिचार्जसाठी केबल कापणारा मुलगा या कामात पटाईत असतो. तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या देखरेखीखाली त्यानं चार शनिवार हे काम केलं, तर गाव त्याला दुसऱ्या नजरेनं बघायला लागेल, आणि कदाचित ज्याची केबल गेली तोच माणूस त्याच्याकडून आपली पाहणी भरून घेईल. शेवटची अट, त्यानं पुढच्या दोन बैठकांना पंच म्हणून बसायचं. ज्यानं स्वतः त्या बाकावर बसून घाम पुसला आहे, तो समोरच्याला काय विचारायचं ते कुणाही शिक्षिकेपेक्षा चांगलं जाणतो.

या राज्यानं या दिशेनं आधीही पावलं टाकलेली आहेत. मुलांचा न्याय वेगळा हवा म्हणून मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये स्वतंत्र बाल कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी उभी राहिली. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा गावानं आपले वाद आपण मिटवावेत हे शासनानंच सांगितलं. ग्राम बाल संरक्षण समित्यांत मुलांचे प्रतिनिधी कागदावर आजही आहेत, त्यांना करायला काम नाही एवढंच. बोलायची आणि उभं राहायची सवय म्हणाल, तर ज्या भागातली पोरं मंडईच्या जत्रेत दंडारीचं लोकनाट्य उभं करतात, त्यांना सभेची भीती शिकवून घालवावी लागणार नाही.

आपल्याकडून हवं आहे ते थोडकंच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पोलीस अधीक्षक आणि शिक्षणाधिकारी यांना एक पत्र, की मंडळ असा प्रयोग एका तालुक्यात करू इच्छितं. प्रश्न कसे विचारावेत, कुणाचा अपमान न करता कसं बोलावं, ऐकलेलं पोटात कसं ठेवावं, याचं प्रशिक्षण भंडाऱ्याच्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांकडून आणि विधी सेवेच्या वकिलांकडून करून घेता येईल. मग पहिल्या वर्षी मोजकी प्रकरणं, प्रत्येकात मुलाची, पालकांची आणि नुकसान झालेल्याची लेखी संमती. वर्षाअखेर काय झालं ते, नावं न घेता, लोकांसमोर मांडावं. जमलं नसेल तर तेही मांडावं आणि बंद करावं.

पवनी तालुक्यातल्या आम्ही काही निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी शाळाशाळांत जाऊन मुलं निवडायचं, पालकांशी बोलायचं आणि त्यांना प्रशिक्षणाला आणून पोचवायचं काम अंगावर घ्यायची तयारी ठेवली आहे. मानधन नको. दिवाळीच्या सुट्या प्रशिक्षणाला सोयीच्या आहेत. त्याआधी मंडळानं भेटीची वेळ दिली, तर कुठली प्रकरणं घ्यायची आणि कुठली नाही याचा कच्चा मसुदा आम्ही सोबत आणू.

आपली,
गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त वसाहतीतील एक निवृत्त शिक्षिका
ता. पवनी, जि. भंडारा